पहिल्या नंबराची जोड

आमच्या प्रतापनं लोणच्याच्या बरण्या टेबलावर ओळीनं मांडल्या, तेव्हाच माझा उजवा डोळा लवायला लागला. मी कुणाला बोलले नाही. मी काही सांगितलं की या घरात सगळे आधी हसतात आणि मग विचारतात, "आजी, यातलं खरं किती?" आता सत्तरी उलटल्यावर बाईनं खरं तरी किती बोलायचं?

गुरुवार होता. माझा लेक नुकताच सिडनीच्या मेट्रोनं कॅसल हिलला उतरून घरी आलेला, गळ्यातलं ऑफिसचं कार्डसुद्धा काढलेलं नव्हतं. सूनबाई सुखदा शिफ्टला. समोर नात, स्वरदा. ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे करत होती. स्वरदा तिच्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. यंदा शेवटचं वर्ष. कप एकदाही हातात आलेला नाही, आणि यंदा टीम चक्क पहिल्या नंबरावर.

"हे बघ आई," प्रताप म्हणाला. "लीग संपली की पहिल्या आठ टीम्स प्लेऑफला जातात. नंबराप्रमाणे जोड्या लागतात, त्याला सीडिंग म्हणतात. पहिल्याची मॅच आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, असं. हरला तो घरी."

"म्हणजे पहिल्याला कच्चा लिंबू."

"करेक्ट. वर्षभर चांगलं खेळला त्याचं बक्षीस." त्यानं कैरीच्या लोणच्यापुढे, म्हणजे आमच्या टीमपुढे, एक बरणी सरकवली. मिरचीच्या ठेच्याची. "पण यंदाची आठवी टीम कच्ची नाहीये. मागची तीन वर्षं कप त्यांचाच. त्यांच्या चांगल्या पोरी अर्धा सीझन नॅशनल कॅम्पला होत्या, म्हणून नंबर घसरला. आता सगळ्या परत आल्यात."

"म्हणजे पंगतीत पहिला बसेल त्याच्या पानात वाघ वाढायचा?"

स्वरदाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"म्हणूनच तर पहिलं यायचं नाही," प्रताप म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "शनिवारी शेवटची लीग मॅच दुसऱ्या नंबरच्या टीमशी. जिंकलो किंवा बरोबरी झाली तर आपण पहिले, समोर हा ठेचा. हरलो तर आपण दुसरे, समोर सातवी टीम, म्हणजे साखरांबा. मग थेट फायनलपर्यंत ठेच्याची गाठ नाही."

माझा लेक जन्मभर असाच. इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला प्रेफरन्स कसे भरायचे, व्हिसाचे पॉइंट कुठून वाढवायचे, परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळांच्या यादीत पोरीसाठी कुठली वर टाकायची. पुढच्या दाराच्या आधी त्याला मागचं दार दिसतं. आताही त्यानं रंगीत चार्ट करून पेरेंट्सच्या ग्रुपवर टाकला होता.

"कोचनं बघितला तुझा चार्ट, बाबा," स्वरदा म्हणाली.

"मग?"

"मला बाजूला घेऊन म्हणाली, आय ॲम नॉट टेलिंग यू टू लूज. जस्ट डोंट बी अ हीरो, मेट."

आता तुम्हीच सांगा, गोलकीपरला देवानं दुसरं काम काय दिलंय? येणारा बॉल अडवणं. आणि तिला सांगतात, अडवू नकोस. सरळ नाही सांगत, आडून सांगतात. म्हणजे उद्या विचारलं कुणी तर केलं ते पोरीनं केलं.

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"आय डोंट नो, आजी. टीममधल्या सगळ्यांना कप हवाय. मलाही हवाय. मी बॉल अडवला आणि आम्ही जिंकलो, तर पुढच्या शनिवारी त्या आमचा चुरा करणार आणि सगळ्या माझ्याकडे बघणार."

"आमच्या गावच्या जत्रेत असं नव्हतं बाई," मी म्हणाले. "आमचे अण्णा कुस्त्यांच्या फडात पंच होते. पैलवान फडाला फेरी मारायचे, अण्णा त्यांचे दंड चाचपायचे, मान बघायचे, आणि मग जोड लावायचे. अंगाला अंग, वजनाला वजन. नंबर बिंबर काही नाही."

"आणि अण्णांच्या भाच्याला कोण यायचं समोर?" स्वरदानं विचारलं. पोरगी लॉ शिकते.

मी पाणी प्यायले. "त्याला जरा हलका गडी द्यायचे. आईविना पोर होतं ते."

"सी? माणसानं जोड लावली की भाचा येतो. नंबर आंधळा असतो, दॅट्स द पॉइंट."

"आंधळा खरा," मी म्हणाले. "म्हणून तर त्याला वाघ दिसेना."

प्रताप हसला आणि भात वाढून घ्यायला उठला. मग मी विश्रामची गोष्ट काढली. ही गोष्ट स्वरदानं लहानपणी ऐकलेली आहे, पण दर वेळी वेगळी.

"एक वर्षी पाटलांचा मुलगा शहरातून शिकून आला," मी म्हणाले, "आणि म्हणाला, यंदा जोड नंबरानं. पहिल्या नंबरचा पैलवान शेवटच्याशी. पहिला नंबर विश्रामचा. रेड्याला शिंगाला धरून विहिरीतनं वर काढणारा माणूस. आणि शेवटचा नंबर कुणाचा, तर रेवड्यांवर कुस्त्या खेळणाऱ्या पोरांत एक परका येऊन बसला होता, त्याचा. काळा, उंच. नाव विचारलं तर सांगेना. पुढ्यातल्या रेवड्या तशाच, एक तोंडात टाकेना. तो बाजूनं गेला की हलगीचं कातडं सैल पडायचं आणि हलगी वाजायची बंद व्हायची."

"मागच्या वेळी त्याला शेपूट होतं," स्वरदा म्हणाली.

"धोतरात होतं, दिसत नव्हतं. ऐक. विश्रामनं त्याला बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. नंबर पक्का व्हायच्या आधी त्याची एक कुस्ती बाकी होती, दत्तात्रयशी. दत्तात्रय म्हणजे नुसती काडी, वारा सुटला की बायको त्याला दोरीनं बांधायची. विश्राम त्याच्यासमोर असा आडवा झाला, जसा दुपारचा झोपतोय. पाठीला माती लागली. पहिला नंबर गेला दत्तात्रयकडं. विश्राम सुटला."

"आणि परका?"

"तो विश्रामकडे बघून नुसता हसला आणि उठून गेला. पण त्या रात्री विश्रामनं अंग धुतलं, माती निघेना. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती, ताक-हळद-लिंबू घालून मळलेली, तिचा वास येत राहिला. नदीत डुंबला, नदीतले मासे तांबडे झाले. सकाळी निघाली म्हणावं तर संध्याकाळी परत. रोज बायकोनं चादरी आपटायच्या, रोज चादरीवर पाठीचा तांबडा छाप."

"मग?"

"मग पुढच्या जत्रेला तो परका परत आला."

"आणि?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टीममधल्या कुणाचा तरी. ती बोलत बोलत वर निघून गेली आणि गोष्ट तिथंच राहिली.

आता माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते. कपाटात गेरूचं पाकीट होतं. दिवाळीत दारातल्या रांगोळीखाली सारवायला वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून आणलेलं. शनिवारी सकाळी सगळे आवरत असताना मी तो वाटीत कालवला, स्वरदाच्या बॅगेतली पिवळी जर्सी काढली, आणि पाठीवर तळहातानं छान थापला. सुकवला, घडी घातली, परत ठेवली. माझा हिशोब साधा होता. पोर बघेल, हसेल, विश्राम आठवेल आणि सरळ खेळेल. थापाड्या आजीचा याहून मोठा आशीर्वाद कुठला?

मैदान ब्लॅकटाउनच्या पलीकडे. थंडी संपत आली होती पण वारा बोचरा होता. मी घडीची खुर्ची टाकली, थर्मास काढला, चकल्यांचा डबा मांडीवर घेतला. आमच्या मागं गवताच्या उतारावर काळ्या जॅकेटमधल्या पोरी रांगेनं बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. फोन बघत नव्हत्या. मधली सगळ्यात उंच, पाठीवर जाड वेणी.

"कोण गं या?" मी प्रतापला विचारलं.

"ठेचा," तो हळूच म्हणाला. "यांची मॅच आहे आपल्यानंतर, याच ग्राउंडवर."

"यांचीही शेवटची? मग यांचा नंबर अजून ठरलेला नाही?"

"ठरल्यात जमा आहे, आई. वर सरकायला त्यांना सहा गोलनं जिंकावं लागेल, तेही तिसऱ्या नंबरच्या टीमशी. कुणी कुणाला सहा गोल मारत नाही. तो कॉलम मी लॉक केलाय."

मी मागं वळून एक चकली पुढं केली. त्या उंच पोरीनं माझ्याकडे बघितलं. डोळे फिकट, पाण्यासारखे.

"नो थँक्स," ती म्हणाली. "आय डोंट ईट बिफोर अ गेम."

चकली माझ्या हातातून गवतावर पडली. आता खेळाडू मॅचआधी खात नाहीत, हे मलाही कळतं. पण डोळा पुन्हा लवायला लागला.

टीम्स मैदानात आल्या. स्वरदा गोलकडे चालत गेली तेव्हा तिची पाठ दिसली. पिवळ्यावर तांबडा पंजा, माझाच. तिनं गोलजवळ उभं राहून माझ्याकडे बघितलं. हसली नाही. पोरगी माझ्याकडे असं कधीच बघत नाही.

आणि मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणायचं का, मला माहीत नाही. आमच्या पोरी बॉल त्यांना द्यायच्या, त्या आम्हाला परत द्यायच्या. समोरच्या टीमलाही हरायचंच होतं! तिथंही कुणाचा तरी बाप चार्ट करणारा असणार. बावीस पोरी, आणि बॉल गरम तव्यासारखा, कुणाला हातात, म्हणजे पायात, नको. पेरेंट्स आधी हसले, मग गप्प झाले. झाडांवरचे पांढरे काकाकुवा एवढे किंचाळणारे, तेही गप्प. शिट्टी तेवढी वाजायची. रेफरी दोन्ही कॅप्टनना बोलावून काहीतरी कडक बोलली. त्यांनी माना हलवल्या आणि परत तेच.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या एकीनं बॉल घेतला आणि वळून सरळ आपल्याच गोलकडे पळत सुटली. स्वतःवर गोल करायला! आमची स्ट्रायकर क्लोई तिच्यामागे धावली आणि त्यांच्याच गोलमध्ये उभी राहून तो बॉल अडवला. जिंकू नये म्हणून अडवला. देवाशपथ. माझ्या सगळ्या थापा एकीकडे ठेवा आणि हे एकीकडे ठेवा.

मी मागं बघितलं. काळ्या जॅकेटवाल्या हसत नव्हत्या. उंच पोरगी फक्त एकाच जागी बघत होती. आमच्या गोलकडे.

शेवटची थोडीच मिनिटं उरली असतील. आमच्या डिफेंडरनं बॉल थांबवला, मान वळवून स्वरदाकडे बघितलं, आणि बॉल तिच्याकडे मारला. जोरात नाही. अगदी हळू, कुणी लहान मुलाला ढकलून द्यावा तसा. मागं गोल. मध्ये स्वरदा. समोरच्या पोरींना कळलं, त्यांची स्ट्रायकर जिवाच्या आकांतानं धावत सुटली, आमचा गोल वाचवायला. कोच बाजूला उभी होती, तिनं मुद्दाम बुटाची नाडी बांधायला घेतली.

"लेट इट गो," प्रताप पुटपुटत होता. "लेट इट गो, बेटा."

मी मनात म्हणत होते, अडव गं. बायो, अडव.

स्वरदानं बॉलकडे बघितलं. मग मान वळवून आपल्या खांद्यावरून पाठीकडे बघायला गेली, जशी पाठ दिसणारच आहे. आणि पाय उचलला. डबक्यावरून जाताना उचलतात तसा. बॉल खालून गेला. धावत आलेली ती पोर घसरत गोलमध्ये जाऊन आदळली, पण उशीर झाला होता.

टाळी एकानंच वाजवली. प्रतापनं. मग त्यानंही हात खिशात घातले.

स्वरदा आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, हे तू लावलंस?"

"हो गं. गंमत. विश्रामची आठवण—"

"चेंजरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, ऑलरेडी डर्टी, मेट." तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. "मला वाटलं, तू धरूनच चालली होतीस. की मी मातीला पाठ लावणार. माती लागलेलीच आहे, तर मग काय अडवायचं?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण बोटं थंडगार होती.

आम्ही घरी जाऊ शकलो असतो. पण प्रतापला पुढची मॅच बघायची होती, आपला कॉलम बरोबर आलेला बघायला. काळी जॅकेटं उतरली. त्या पोरी आरडाओरडा न करता मैदानात गेल्या. पहिला गोल झाला तेव्हा प्रताप म्हणाला, "एक ठीक आहे." तिसऱ्याला त्यानं फोन काढला. पाचव्याला तो उभा राहिला. तिसऱ्या नंबरची चांगली टीम, पण समोर कुणी पीठ मळतंय असं चाललं होतं. सहावा उंच पोरीनं मारला. आणि मग त्या थांबल्या. खरंच थांबल्या. अजून खूप वेळ होता, पण बॉल आपापसात फिरवत राहिल्या, एकदाही पुढं गेल्या नाहीत. जेवढं हवं तेवढंच घेतलं.

"सातव्या," प्रताप म्हणाला. "त्या सातव्या झाल्या."

"आणि आपण दुसऱ्या," मी म्हणाले.

ती उंच पोरगी टॉवेल गळ्यात टाकून आमच्याकडे आली. स्वरदासमोर थांबली. "पहिल्या टीमवर नंतर येऊच," ती तिच्या इंग्लिशमध्ये म्हणाली. "पण तू आडवी झालीस ते बघितलं. म्हटलं, आधी हिला भेटू. सी यू सॅटरडे."

जाताना तिनं स्वरदाच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि हसली.

घरी आल्याबरोबर मी जर्सी स्वतः धुतली. गेरू काय, पहिल्याच पाण्यात निघाला. उरलेलं पाकीट लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि कचऱ्याचा ट्रक डबा रिकामा करून गेला, ते मी खिडकीतून बघितलं.

त्यानंतर सुखदा स्वरदाच्या पलंगावरची चादर हातात घेऊन माझ्या खोलीत आली. "आई, जर्सीपुरतं ठीक होतं. आता चादरीवर पण? किती दिवस चालणार आहे हे?"

पांढरी चादर. मधोमध तांबूस डाग, खांद्यांएवढा रुंद.

"मी नाही गं केलं."

"आई."

"सुखदा, तुझ्या गळ्याशपथ."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी धोतरातल्या शेपटाची गोष्ट सांगते तेव्हा बघतात. चादर मशीनमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी नवी चादर घातली. तीही तशीच निघाली. मग मला कुणी विचारणंच बंद केलं. प्रताप एवढंच म्हणाला, "आई, पोरीला टेन्शन आहे. पुरे आता." स्वतः मात्र त्यानं बरण्यांना हात लावलेला नाही. ठेच्याची बरणी अजून टेबलावर तशीच आहे, कुणी उघडत नाही.

आज शनिवार. सकाळी स्वरदा खाली आली ती झोपायच्या पांढऱ्या टी-शर्टमध्येच. बूट शोधायला वाकली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली.

मी उठून जवळ गेले. डाग ओला होता. मी वाकून वास घेतला. गेरूला वास नसतो. याला होता. ताकाचा, हळदीचा, लिंबाचा. सिडनीत, माझ्या लेकाच्या घरात, आमच्या गावच्या फडाचा वास.

"आजी, नॉट फनी," स्वरदा वाकलेलीच म्हणाली. मग सरळ झाली आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. या घरात तिला एकटीला कळलं.

बाहेर प्रतापनं गाडी सुरू केली होती. हॉर्न वाजवला. स्वरदानं टी-शर्टवरच पिवळी जर्सी चढवली, बॅग उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आजी, विश्रामचं राहिलं. पुढच्या जत्रेला तो परका परत आला. मग काय झालं?"

मला काहीही सांगता आलं असतं. विश्रामनं त्याला उचलून आपटला, परक्याचं शेपूट तुटलं, दत्तात्रय मदतीला धावला. हजार शेवट आहेत माझ्याकडे. मी तोंड उघडलं.

एकही आठवेना.

हॉर्न पुन्हा वाजला. ती गेली. पिवळ्या पाठीवर, धुऊन स्वच्छ केलेल्या कापडातून, तांबडं हळूहळू वर येत होतं.